एकाच रेणूवर गॅमा आणि उजेड: कुठे खरा उपयोग, कुठे नुसतं ओझं?

अणुरेणू

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आज निवांत वेळ मिळालाय तर लिहूनच टाकतो. मी न्यूक्लियर मेडिसिनमधला फिजिक्सवाला, सगळा दिवस गॅमा कॅमेरा आणि पेट स्कॅनर (दोन्ही शरीरात टोचलेल्या किरणोत्सारी औषधाचे गॅमा किरण टिपतात) यांच्यातच जातो, आणि गेली काही वर्षं फ्लुरोसन्सवाल्या, म्हणजे चमकणारा डाय टोचून त्याचा उजेड बघणाऱ्या, मंडळींसोबत काम करतोय. दोन्हीकडचं ऐकून माझं एक ठाम मत झालंय ते आधीच सांगतो, मग तुम्ही खोडून काढा. ही दोन तंत्रं जोडायची म्हणजे दोन चित्रं कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायची असं नाही. दोन्ही सिग्नल एकाच रेणूवरून यायला हवेत आणि एकाला जे जमत नाही नेमकं तेच दुसऱ्याने करायला हवं. नाहीतर खर्च आणि कटकट दुप्पट, हाती मात्र तेवढंच.

आधी थोडं फिजिक्स, कारण सगळं तिथेच ठरतं. टेक्नेशियम-९९एम, म्हणजे आमचा रोजचा किरणोत्सारी अणू, त्याचा गॅमा १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा. ऑपरेशनमध्ये वापरतात तो निअर-इन्फ्रारेड उजेड ८०० नॅनोमीटरचा धरला तर त्याचा एक फोटॉन दीड इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. म्हणजे साधारण ९० हजारपट फरक. हा गॅमा साडेचार सेंटिमीटर टिश्यू पार करतो तेव्हा कुठे निम्मा होतो, आणि तो उजेड काही मिलिमीटरांतच विखरून धूसर व्हायला लागतो, सेंटिमीटरभर खोलवरून दिसला तरी खूप. तोसुद्धा ६५० ते ९०० नॅनोमीटरची खिडकी आहे म्हणून, त्याच्या खाली हिमोग्लोबिन उजेड पिऊन टाकतं आणि वर गेलं की पाणी.

तर गॅमा सांगतो शरीरात कुठे, पण बारकावा देत नाही, नेहमीच्या पेट स्कॅनरला ४-५ मिलिमीटरच्या खालचं काही दाखवताना धाप लागते. उजेडाला अख्ख्या शरीरात शोध म्हटलं तर ते जमणारच नाही, पण गाठ हाताखाली आली की तो कड दाखवतो, आणि तेही ऑपरेशन चालू असताना, डोळ्यांदेखत.

अजून एक गोष्ट मला पहिल्यापासून फार आवडते. गॅमा कॅमेरासुद्धा शेवटी उजेडच बघतो. आतल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर एक १४० चा गॅमा आदळला की पाचेक हजार निळसर फोटॉन फुटतात, ते फोटोमल्टिप्लायर नळ्या मोजतात, कुठल्या नळीला किती मिळाले त्यावरून जागा काढतात. हॅल अँगरने १९५० च्या दशकात बसवलेली ही रीत अजून तशीच चालू आहे. त्यामुळे कुणी मला म्हणालं की हे दोन वेगळे प्रांत आहेत तर मला पटत नाही.

---

चौकसबुद्धी

मस्त धागा, वाचनखूण साठवली. मी या क्षेत्रातली नाही पण घरात एकदा पेट-सीटी झालंय त्यामुळे रिपोर्ट वाचून वाचून थोडंफार कळतं. भाबडा प्रश्न आहे, पेट-सीटीत गाठ कुठे आहे ते दिसलंच ना, मग ती इमेज ऑपरेशनच्या वेळी समोरच्या स्क्रीनवर लावली की झालं, परत उजेडाची भानगड कशाला?

---

ओटीतला

प्रश्न भाबडा अजिबात नाही, आमच्यातले ज्युनियरही हेच विचारतात.

स्कॅनच्या वेळी पेशंट सरळ झोपलेला असतो, हात वर, शांत श्वास. टेबलावर तो वेगळ्या कोनात असतो, मान वळवलेली किंवा पाय वर, पोटात गॅस भरलेला, आतडी बाजूला सारलेली, आणि आपण स्वतः हाताने टिश्यू ओढून धरलेला असतो. स्क्रीनवरची गाठ दोन दिवसांपूर्वीच्या शरीरातली आहे. ६ मिलिमीटरचा लिम्फ नोड (लसीकाग्रंथी) चरबीत असतो, चरबी पिवळी, नोडही पिवळसर करडा, बोटाला दोन्ही मऊ. तो कुठेतरी इथेच आहे हे माहीत असणं आणि तो सापडणं यात कधी कधी पाऊण तास जातो.

अणुरेणूंचं म्हणणं मी प्रत्यक्ष बघितलंय तेच सांगतो. जिभेखाली, तोंडाच्या तळाशी छोटा कॅन्सर, आणि आम्हाला सेंटिनेल नोड हवा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅन्सरच्या पेशी लसीकेतून वाहत निघाल्या तर ज्या गाठीत सगळ्यात आधी अडकतील ती सेंटिनेल, म्हणजे नाक्यावरचा पहारेकरी. ती स्वच्छ निघाली तर मानेतल्या बाकी गाठी काढायची गरज पडत नाही. ट्रेसर (माग काढायला टोचायचं औषध) गाठीच्या भोवती टोचतात, आणि अडचण अशी की इंजेक्शनच्या जागी सगळ्यात जास्त माल राहतो आणि सेंटिनेल नोड त्याच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरवरच असतो. गॅमा प्रोब (हातात धरायचा, गॅमा मोजून आवाज करणारा) हनुवटीखाली टेकवला तर तो जिकडे फिरवाल तिकडे किंचाळतो, कारण त्याला वरची इंजेक्शनची जागाच ऐकू येते. प्रोब तिरका करून बघितला, मध्ये शिसं धरून बघितलं, काऊंट सगळीकडे सारखेच.

त्या दिवशी ट्रेसर दुहेरी होता, टेक्नेशियम आणि आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन, इन्फ्रारेडमध्ये चमकणारा हिरवा डाय) एकत्र. ओटीचे दिवे बंद केले, कारण त्यातही इन्फ्रारेड असतं आणि कॅमेरा आंधळा होतो, आणि कॅमेरा खाली आणला. लाळग्रंथीच्या कडेला, चरबीच्या पातळ पापुद्र्याखाली एक वाटाण्याएवढा ठिपका उजळला. दोन कट आणि नोड हातात.

आणि त्याच पेशंटला मानेच्या बाजूला दुसरा नोड होता, स्नायूखाली खोल. तिथे कॅमेऱ्याला काहीच दिसेना, पूर्ण अंधार, पण प्रोब मात्र एका जागी स्पष्ट बोलत होता. प्रोबच्या मागे मागे खाली गेलो, स्नायू बाजूला घेतला, अजून अर्धा सेंटिमीटर, आणि मग तो चमकला. एकाच माणसात अर्ध्या तासात दोन्ही बाजू बघायला मिळाल्या, एकीकडे गॅमा हरला आणि उजेडाने काम केलं, दुसरीकडे बरोबर उलटं.

---

जुना_प्रोब

ओटीतला, अनुभव छान लिहिलात. पण एक विचारतो, मला मनापासून पटवून घ्यायचंय. आम्ही वर्षानुवर्षं निळा डाय आणि रेडिओकोलॉइड (किरणोत्सारी बारीक कणांचं द्रावण) दोन्ही वापरतोच की. १९९२ ला मेलानोमात मॉर्टनने निळा डाय दाखवला, १९९३ ला क्रागने स्तनाच्या कॅन्सरमध्ये गॅमा प्रोब, १९९६ ला अल्बर्टिनीच्या पेपरमध्ये दोन्ही एकत्र. म्हणजे न्यूक्लियर आणि ऑप्टिकलची जोडी तेव्हाच जमली होती. मग आता एकाच रेणूवर बसवायचा अट्टाहास का?

---

अणुरेणू

जुना_प्रोब, हाच प्रश्न हवा होता.

निळा डाय आणि कोलॉइड ही दोन वेगळी माणसं एकाच रस्त्याने पाठवल्यासारखं आहे, दोघं एकाच ठिकाणी थांबतील याची खात्री नाही. निळा डाय छोटा रेणू, तो पळतो, पहिल्या नोडमधून निघून दुसऱ्या-तिसऱ्यात जातो आणि थोड्या वेळाने सगळं धुवून निघतं, म्हणून तो टेबलावरच टोचायला लागतो. कोलॉइडचे कण मोठे, ते पहिल्या नोडमध्ये अडकून राहतात. त्यामुळे एखादा नोड निळा आहे पण गरम (म्हणजे किरणोत्सारी) नाही, किंवा गरम आहे पण निळा नाही असं झालं की टेबलावर वाद, की सेंटिनेल कोणता? शिवाय निळा रंग दिसायला तो नोड उघडाच पडायला लागतो, वर जरा चरबी असली की संपलं.

आयसीजी एकटं टोचलं तरी तेच होतं. पण ते प्रथिनाला चिकटतं, रक्तात गेल्या गेल्या अल्ब्युमिनला धरतं. नेदरलँड्समधल्या गटाने हीच गोष्ट पकडली, कोलॉइड अल्ब्युमिनचंच असेल तर आयसीजी त्यालाच चिकटवा, मग जिथे कण थांबेल तिथे रंगही थांबेल. २०११ मध्ये त्यांनी प्रोस्टेटच्या पेशंटमध्ये ते करून दाखवलं, आधी स्पेक्ट-सीटीवर (गॅमा कॅमेऱ्याचं त्रिमितीय चित्र आणि सीटी एकत्र) नोड बघितले आणि मग दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तेच नोड उजेडाने शोधले. काल स्क्रीनवर दिसलेला नोड आणि आज चमकणारा नोड एकच, हे रेणूच सांगतो, माणसाने अंदाज करायला नको.

पण तुमचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. काखेतल्या वरवरच्या नोडला, जिथे प्रोबने पाच मिनिटांत काम होतं, तिथे दुहेरी ट्रेसरने फार काही वेगळं हाती लागतं असं मला वाटत नाही. जिथे इंजेक्शन आणि नोड शेजारी शेजारी आहेत, किंवा ओटीपोटात खोल वेड्यावाकड्या जागी शोधायचंय, तिथे त्याची खरी किंमत आहे.

---

केमिस्ट्रीवाली

मी रेडिओफार्मसीत (किरणोत्सारी औषधं बनवतात तिथे) असते, त्यामुळे सगळे चमकणाऱ्या गाठीचं कौतुक करतात तेव्हा मला व्हायल दिसते :) थोडं आमच्या बाजूचं.

आयसीजी आणि अल्ब्युमिन कोलॉइडचं काम तुलनेने सोपं. जनरेटरमधून (टेक्नेशियम देणाऱ्या डब्यातून) परटेक्नेटेट, म्हणजे टेक्नेशियमचं द्रावण, काढायचं, कोलॉइडच्या व्हायलमध्ये घालायचं, लेबलिंग होऊ द्यायचं, मग आयसीजीचं गर्द हिरवं द्रावण मोजून घालायचं. कुठलाही कोव्हॅलंट बंध नाही, आपलं आपणच चिकटतं. लेबलिंग किती झालं ते पट्टीवर बघायचं, मोकळं टेक्नेशियम द्रावणासोबत पट्टीच्या टोकाला पळतं, कोलॉइडला धरलेलं खालीच बसून राहतं, पट्टी मधोमध कापून दोन्ही तुकडे मोजले की कळतं. पण ही पट्टी फक्त टेक्नेशियमचं सांगते. डाय किती चिकटला आणि किती मोकळा फिरतोय ते वेगळं तपासावं लागतं, आणि तेच न करता लोक डोस बाहेर पाठवतात तेव्हा माझा जीव वरखाली होतो. मोकळा डाय असेल तर तो पुढच्या नोडमध्ये जाऊन चमकणार आणि सर्जन भलतीच गाठ काढणार.

खरी कसरत पुढे आहे, म्हणजे कॅन्सरच्या पेशीवरचा रिसेप्टर पकडणारा रेणू घेऊन त्याला दोन्ही लावायचं. एका बाजूला धातूचा अणू धरायला चिलेटर, दुसऱ्या बाजूला डाय. अँटीबॉडी मोठी असते, दीड लाख डाल्टनची, तिच्या पाठीवर एखाद-दुसरा डाय बसला तरी तिची चाल फारशी बदलत नाही. तेच छोट्या पेप्टाइडला हजारेक डाल्टनचा डाय लावला की मूळ रेणू बाजूलाच राहतो आणि डायच ठरवतो कुठे जायचं. बऱ्याचदा यकृतात, कारण डाय तेलकट स्वभावाचे. मूत्रपिंडातून पटकन निघून जाणारा सुंदर ट्रेसर होता, त्याचा पार कचरा होतो. मी असे दोन-तीन स्वतः बनवून टाकून दिलेत. सल्फोनेट गट लावून डायला पाण्याचा केला की थोडं सावरतं.

आणि प्रमाणाचा प्रश्न तर कुणी बोलतच नाही. ३७० मेगाबेक्वेरलचा फ्लोरिन-१८ चा डोस घ्या, अर्धायुष्य ११० मिनिटं, गणित केलं तर त्यात किरणोत्सारी अणू जेमतेम ६ पिकोमोल निघतात. आयसीजीचे ५ मिलिग्रॅम म्हणजे साडेसहा मायक्रोमोल. दहा लाखपट फरक! एकाच व्हायलमध्ये दोन्ही हवं असेल तर प्रमाण कुणाचं धरायचं? न्यूक्लियरच्या हिशोबाने कमी दिलं तर कॅमेऱ्याला दिसणार नाही, उजेडाच्या हिशोबाने जास्त दिलं तर रिसेप्टर आधीच भरून जातात आणि गाठ बाकीच्या शरीरापेक्षा उठून दिसत नाही.

---

चौकसबुद्धी

बाप रे, ६ पिकोमोल! आणि एवढ्यावर अख्खं शरीर दिसतं. ताई, मग या दोघांच्या वेळेचं कसं जमवता? फ्लोरिन तर दोन तासांत निम्मं होतं म्हणालात.

---

केमिस्ट्रीवाली

बरोबर पकडलंत. रेणू जेवढा वेळ गाठीपर्यंत पोचायला घेतो तेवढं अर्धायुष्य हवं. अँटीबॉडीला रक्तातून निघून गाठीत साचायला काही दिवस लागतात, तिथे फ्लोरिन-१८ किंवा ६८ मिनिटांचं गॅलियम-६८ बिनकामाचं. तिथे इंडियम-१११, २.८ दिवस, किंवा झिर्कोनियम-८९, सव्वातीन दिवस. छोट्या पेप्टाइडला गॅलियम छान, पण मग सकाळी स्कॅन, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि तेव्हा किरणोत्सर्ग संपलेला असतो, फक्त रंग उरतो. काही ठिकाणी तेच हवं असतं कारण सर्जनच्या हाताला डोस नाही. पण मग प्रोब मुका, खोलवरचं सांगायला कुणी नाही. आधी काय हवंय ते ठरवा आणि मग आयसोटोप निवडा, आमच्याकडे उलटं होतं, जो आयसोटोप हाताशी आहे त्यावर प्रोजेक्ट उभं राहतं.

---

ओटीतला

अँटीबॉडीचं एक चांगलं उदाहरण किडनीच्या कॅन्सरचं आहे. गिरेंटुक्सिमॅब नावाची अँटीबॉडी, ती क्लिअर सेल प्रकाराच्या पेशीवरचं कार्बोनिक अनहायड्रेज ९ पकडते. नेदरलँड्समध्येच २०१८ मध्ये तिच्यावर इंडियम-१११ आणि आयआरडाय ८००सीडब्ल्यू हा इन्फ्रारेड डाय दोन्ही लावून पेशंटना दिली होती. आधी स्पेक्टवर गाठ, काही दिवसांनी टेबलावर प्रोब आणि कॅमेरा. किडनीची नुसती गाठ काढून बाकी किडनी वाचवायची असते तेव्हा कड दिसणं म्हणजे काय हे ज्याने ती कापलीय त्यालाच कळेल, खाली रक्त साचत असतं आणि घड्याळ चालू असतं.

---

प्रकाशवेडा

सगळं वाचलं, पण चेरेन्कोव्ह कुणीच काढला नाही म्हणून आलो.

तुम्ही सगळे डाय लावायच्या मागे आहात. पण काही किरणोत्सारी अणू स्वतःच उजेड देतात! पाण्यात प्रकाशाचा वेग निर्वातापेक्षा कमी, तीन चतुर्थांश. पॉझिट्रॉन किंवा बीटा कण (अणूतून सुटणारे वेगवान इलेक्ट्रॉनसारखे कण) त्याहून वेगाने टिश्यूतून गेला की निळसर उजेड सोडतो, अणुभट्टीच्या पाण्यातला तो निळा उजेड तोच. चेरेन्कोव्हने १९३४ मध्ये पाहिला, फ्रँक आणि टॅमने गणित मांडलं, १९५८ ला तिघांना नोबेल. पण पेटच्या नेहमीच्या ट्रेसरचा उजेड कॅमेऱ्याने टिपता येतो हे छापून यायला २००९ उजाडलं. मला हे वाचलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती, इतकी वर्षं तो उजेड तिथेच होता आणि कुणी कॅमेरा लावला नव्हता.

म्हणजे एफडीजी (फ्लोरिन-१८ लावलेली साखर), जे रोज माणसांना दिलं जातं, तेच ऑप्टिकल ट्रेसरही आहे, रेणूत काहीही बदल न करता. केमिस्ट्रीवाली ताईंची अर्धी डोकेदुखी गेली, आणि अणुरेणूंची एकच रेणू ही अटही पूर्ण होते. २०१३ मध्ये आयोडीन-१३१ दिलेल्या पेशंटच्या थायरॉइडचं चित्र असंच घेतलं होतं, त्वचेवरून.

---

अणुरेणू

प्रकाशवेडा, तुमचा उत्साह मला कळतो, मीही अंधाऱ्या खोक्यात उंदराचं पहिलं चित्र आलेलं बघून खुर्चीतून उठलो होतो. पण आकडे बघा. इलेक्ट्रॉनला पाण्यात चेरेन्कोव्ह देण्यासाठी २६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर ऊर्जा लागते. फ्लोरिनच्या पॉझिट्रॉनची सरासरी २५० आणि कमाल ६३५, म्हणजे बरेचसे उंबरठ्याच्या अलीकडेच. एका विघटनामागे जेमतेम एक ते तीन फोटॉन. गॅलियम त्याच्या दहापटीहून जास्त देतं. टेक्नेशियम काहीच देत नाही, म्हणजे ओटीतल्यांचं सेंटिनेलचं सगळं काम यातून बाहेर. त्यात हा उजेड निळ्याकडे झुकलेला, आणि निळाच हिमोग्लोबिन आधी खातं.

आणि अंधार. आयसीजीला दिवे मंद केले, इन्फ्रारेड गाळला की चालतं. चेरेन्कोव्हला मॉनिटरचा एलईडीसुद्धा चालत नाही, आणि मिनिटभर तरी एक्सपोजर हवं. पोट उघडं असताना ओटीत पूर्ण अंधार कोण करणार? म्हणून माझ्या मते त्याची जागा टेबलाशेजारच्या बंद खोक्यात आहे. गाठ काढली की ती लगेच खोक्यात ठेवायची, कडेला चमकतंय का बघायचं, चमकलं तर सर्जन परत जाऊन अजून थोडं काढू शकतो, पेशंट टेबलावर असतानाच. स्तनाच्या गाठींवर एफडीजी वापरून असं करून पाहिलंय.

---

प्रकाशवेडा

खोक्याचं मान्य. माझा हट्ट एवढाच की जे ट्रेसर आधीच मंजूर आहेत त्यातून काय मिळतंय ते पुरतं घेऊया, नव्या रेणूला माणसापर्यंत पोचायला खूप वर्षं जातात.

---

पॅथॉलॉजी_खिडकी

उशिरा आलो. एक गोष्ट सुटतेय, ती आमच्या टेबलावरची. गाठ आमच्याकडे येईपर्यंत किरणोत्सर्ग विरत जातो, पण डाय पक्का बांधलेला असेल तर तो पॅराफिनमध्येही (गाठ ज्या मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतो त्यात) टिकतो. म्हणजे जो रेणू स्पेक्टवर सेंटिमीटरात दिसला, ओटीत मिलिमीटरात दिसला, तोच मी मायक्रोस्कोपखाली पेशीत बघू शकतो. गाठीत सगळीकडे पोचलाय का, की नुसता रक्तवाहिन्यांच्या कडेला बसलाय, हे स्कॅन कधीच सांगणार नाही. आयसीजी नुसतं चिकटलेलं असतं, ते आमच्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये धुवून जाऊ शकतं, त्यावर भरवसा ठेवू नका. पण आयआरडायसारखा बांधलेला असेल तर कृपया ब्लॉकवर तशी चिठ्ठी लावून पाठवा. आम्हाला कुणी सांगतच नाही आणि आम्ही नेहमीसारखं कापून रंगवून मोकळे होतो, नंतर फोन येतो की तो ब्लॉक स्कॅन करायचा होता.

---

जुना_प्रोब

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं मत बरंचसं बदललंय, प्रामाणिकपणे सांगतो. शेवटचा प्रश्न, व्यवहाराचा. आदल्या दिवशी दुपारी इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी केस लागली तर प्रोबला पुरेसे काऊंट राहतात का, की नुसत्या कॅमेऱ्यावर काढायचं?

---

अणुरेणू

टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास, २४ तास म्हणजे चार वेळा निम्मं, सोळावा हिस्सा उरतो. नोडमध्ये पोचलेला माल आधीच टोचलेल्याच्या मानाने थोडा, त्यामुळे दोन दिवसांत करायचं असेल तर सुरुवातीचा डोस तसा धरायला लागतो, रेडिओफार्मसीला केसची खरी वेळ सांगा, यादीतली नाही. पुरेसा धरला असेल तर प्रोब नीट बोलतो.

---

ओटीतला

आम्ही असं करतो: नोड काढला की तो जखमेपासून आणि इंजेक्शनच्या जागेपासून दूर नेऊन प्रोबवर धरायचा, दहा सेकंदांचे काऊंट लिहायचे, मग त्याची रिकामी जागा परत मोजायची. सगळ्यात गरम नोडच्या दहा टक्क्यांहून जास्त काऊंट जागेवर उरले असतील तर अजून एक नोड आत आहे, शोधायचा. मग दिवे बंद करून कॅमेरा त्याच जागेवर. प्रोब गप्प आणि कॅमेराही काळा असेल तरच टाके.